आठवा पाय

रेवी दुकानात शिरला तेव्हा त्याच्या गमबुटांतून
ब्लफच्या धक्क्याचं पाणी फरशीवर आलं.
पाठीवर बटाट्याचं पोतं, पोत्यात पाउआचे शिंपले.
म्हणाला, लाकूड तुझं, शिंपले माझे.
गिटारच्या पट्टीवर समुद्र बसव.

समुद्र बसत नाही, मी म्हटलं. प्राणी बसतात.
तिसऱ्या पडद्यावर तारामासा, पाचव्यावर पाकट,
सातव्यावर शेवंड (मिशा मागे वळवून, कारण पट्टी अरुंद)
आणि बाराव्यावर,
जिथे सप्तक संपून तोच सूर पुन्हा दार ठोठावतो,
तिथे अष्टपाद.

पाउआ वरून असतो म्हाताऱ्याच्या टाचेसारखा.
चुन्याची पुटं घासून काढा, महिनाभर काढा,
मग आत दिसतं ते:
धक्क्यापाशी पाण्यावर डिझेल सांडतं, तो रंग,
डोकं हलवलं की निघून जाणारा.
सपाट तुकडा मिळतो नखाएवढा. बाकी सगळं वळण.
त्याची भुकटी छातीत गेली की परत येत नाही,
म्हणून तोंडाला फडकं, करवतीवर पाण्याची धार,
आणि तरी केसाएवढी सहा पाती मोडली
नुसत्या शेवंडाच्या मिशांवर.

एका शिंपल्याला भोक होतं, सुईच्या टोकाएवढं.
अष्टपादाचं काम. तो कवच पोखरतो,
आत विष सोडतो
आणि वाट बघतो, घराची पकड सुटेपर्यंत.
त्याच शिंपल्यातून मी त्याला कापला.
भोक आलं बरोबर डोळ्याच्या जागी.

रेवीने डोळा पाहिला नाही. बोट ठेवून मोजत गेला.
आठ?
अष्टपाद आहे, रेवी. नावातच आकडा आहे.
माझ्याला सात होते.

मग खुर्ची ओढून बसला, न विचारता.
रुआपुके बेटापाशी, जूनमध्ये, पिंजरा वर घेतला
तर आत चार शेवंडांची टरफलं आणि हा.
सुरी काढली मी.
त्याने सातांनी जाळी धरली होती
आणि आठवा, नुसता खुंट, तोही धरू बघत होता.
खुंटाला कुठे कळतं तो खुंट आहे ते.
सोडला.
घरी बोललो नाही. चार शेवंडांचे पैसे
कोण समुद्राला परत देतं?

लोक म्हणतील कारागिराला मोजता येत नाही.
म्हणू देत, ऐकायला मी असेन ना.

तापलेल्या पात्याने सरस सैल केला,
आठवा पाय अख्खा उचलला, तंबाखूच्या डबीत ठेवला.
काळ्या लाकडात त्याची वळलेली खाच राहिली.
भरून टाकते, म्हटलं.
भरू नको. परत उगवतात त्यांचे.
एव्हाना अर्धा आला असेल.

नऊ वर्षांनी गिटार आली ती मारामाच्या हातून.
पडदे झिजलेले, पाकटावर बोटांच्या घामाचा थर,
आणि त्या खाचेच्या कडा मऊ झालेल्या,
कुणीतरी रोज तिथे अंगठा फिरवल्यासारख्या.
बाबा आता बोटीवर जात नाहीत, ती म्हणाली.
खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या बोटी मोजतात,
मधूनच एखादी चुकतात.
त्यांनी विचारलंय, कितपत आलाय?

डबी कुठे आहे ते मला शोधावं लागलं नाही.
पायाच्या मुळापासून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापला,
खाचेच्या वरच्या टोकाला बसवला, घासला, पुसला.
उरलेला पुन्हा डबीत.

मारामाने गिटार दिव्याखाली तिरकी केली.
दाणा हिरवा झाला, मग जांभळा, मग काहीच नाही.
एवढाच?

पाणी थंड आहे गं इकडचं, मी म्हटलं.
सावकाश उगवतं.